चाकांवरची पडवी

मे महिन्याच्या अखेरीस सिंधुदुर्गातल्या फोंडाघाट गावात आगोटीची धांदल सुरू होते. लाकूडफाटा आत जातो, कौलं परतली जातात, आणि जिथं अजून जुनी वळणाची घरं आहेत तिथं पडवीच्या कडेनं झडी बांधल्या जातात. माडाची चुडतं विणून केलेली झापं काथ्याच्या सुंभानं वाशांना आवळायची, म्हणजे पावळीचं पाणी आणि वाऱ्यानं उडणारे तुषार ओटीवर येत नाहीत. दिवाळीच्या सुमाराला या झडी काढून टाकतात. पावसाळ्यापुरतं एक जादा छप्पर घराला जोडायचं आणि काम झालं की सोडवून घ्यायचं, ही रीत कोकणात इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही.

अमेरिकेत आणि युरोपात याच गोष्टीला ऑनिंग म्हणतात, आणि तिच्यावर मोठा उद्योग उभा आहे. तिकडं बंद बॉडीचे मालवाहू ट्रेलर घेऊन त्यांत बिछाना, ओटा, पाण्याची टाकी बसवून फिरतं घर करण्याचा छंद जोरात आहे. आत जागा असते जेमतेम एका खोलीची. मग गाडीच्या एका अंगाला कापडाचं गुंडाळतं छप्पर बसवतात. मुक्कामाला पोहोचलं की ते बाहेर ओढायचं, खाली दोन खुर्च्या मांडायच्या, आणि खोलीला पडवी मिळाली! आपल्याकडं मागून ओढायच्या ट्रेलरपेक्षा बंद बॉडीचा टेम्पो किंवा पिकअप घेऊन हे केलं जातं. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि सिंधुदुर्ग तर 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर असं करत फोंडा घाट उतरणारी गाडी कोकणात पहिला श्वास घेते ती फोंडाघाटच्या बाजारात. अशा गाडीला कोणती पडवी लावावी आणि ती कशी टिकेल, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

त्याचं कारण असं, की कापडाचं छप्पर हे मुळात छप्पर नसतंच. ते शीड असतं.

रोमन लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. कलोसियममध्ये हजारो प्रेक्षक उन्हात बसत. त्यांच्यावर सावली धरण्यासाठी वेलारियम नावाचं प्रचंड कापडी छत ताणलं जाई. इमारतीच्या माथ्यावर त्यासाठी 240 डोलकाठ्या रोवण्याची सोय होती. त्यांना आधार देणारे दगडी ठोकळे आजही उरलेल्या भिंतीवर दिसतात. आणि हे छत हाताळायला नेमले होते मिसेनमच्या आरमारातले खलाशी. गवंडी नाहीत, सुतार नाहीत, खलाशी. वारा फिरला की दोर कुठला सैल सोडायचा आणि कुठला आवळायचा, हे ज्याच्या हाताला कळतं त्याचंच हे काम. मालवणच्या गाबीत मच्छीमारांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. भाषेतही या नात्याची खूण आहे: हिंदीत पाल म्हणजे शीड, आणि मराठीत पाल म्हणजे तंबू.

आता थोडं गणित करू, कारण या विषयातली खरी नवलाई आकड्यांत आहे. तीन मीटर लांब आणि 2.4 मीटर बाहेर येणारं ऑनिंग धरा. क्षेत्रफळ झालं 7.2 चौरस मीटर. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 नं गुणा; उत्तर येतं न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी 36 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 10 मीटर. दाब 60 न्यूटन. साऱ्या कापडावर मिळून 432 न्यूटन, म्हणजे सुमारे 44 किलोचा जोर. लहान पालेदार झाडं डोलावीत एवढाच हा वारा. पण वेग दुप्पट झाला, म्हणजे वळवाच्या आधीची वावटळ आली, की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. 176 किलो! दोन धट्टेकट्टे गडी खालून छप्पर वर ढकलत असावेत, असा. वर, कारण उघड्या बाजूनं आत शिरलेला वारा गाडीच्या भिंतीला अडतो, त्याला सुटायला जागा नसते, आणि तो कापडाला खालून उचलतो. ऑनिंग मोडून गाडीच्या टपावर उलटं पडण्याचे जे प्रकार होतात ते असेच. खाली बसलेल्याला तोवर झुळूक छान वाटत असते.

पाण्याचं गणित याहून दगलबाज. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो घाटाकडं सरकावं तसा वाढत जातो. तासाला 50 मिलिमीटरची सर फोंडाघाटाला काही नवी नाही. एवढ्या सरीत आपल्या 7.2 चौरस मीटरवर तासाभरात 360 लिटर पाणी पडतं. ते वाहून गेलं तर ठीक. पण कापड मधे किंचित झोळलं की तिथं पाणी थबकतं. पाण्याच्या वजनानं झोळ वाढतो, वाढलेल्या झोळात आणखी पाणी मावतं. दोन चौरस मीटरच्या झोळात पाच सेंटिमीटर पाणी साचलं की 100 किलो वजन झालं. छपराला धरणारे हात वाकतात, गुंडाळायची नळी वाकते, आणि शेवटी सगळं एकदम खाली येतं.

म्हणून कोकणासाठी ऑनिंग निवडताना माझ्या मते पहिला प्रश्न कापडाचा नाही, ब्रँडचाही नाही. उतार किती देता येतो, हा आहे. मीटरला पाव मीटर उतार हवाच; म्हणजे 2.4 मीटरच्या ऑनिंगची पुढची कड मागच्यापेक्षा 60 सेंटिमीटर खाली. गाडीवर ते 2.5 मीटर उंचीवर बसवलं तर पुढची कड 1.9 मीटरवर येते. उंच माणसाचं डोकं जेमतेम वाचतं. टप ठेंगणा असेल तर मग गाठ पाण्याशी नाहीतर कपाळाशी! जाणकार एक युक्ती करतात: पुढच्या दोन पायांपैकी एक पाय आणखी वीतभर खाली घेतात, म्हणजे सगळं पाणी एका कोपऱ्यातून सुटतं. त्या कोपऱ्याखाली बादली ठेवली की भांडी घासायचं पाणी फुकट. पोफळ चिरून केलेली पन्हळ पागोळ्यांखाली धरणाऱ्या माणसाला यात शिकण्यासारखं फारसं नाही.

प्रकार तीन. पहिला सगळ्यांत साधा: गाडीच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची खाचेची पट्टी बसवायची, कापडाची दोरी शिवलेली कड त्या खाचेतून सरकवायची, आणि पुढं दोन काठ्यांवर ताणायचं. दुसरा पिशवीतला: कापड नळीवर गुंडाळून चेनच्या पिशवीत राहतं. तिसरा पेटीतला, अ‍ॅल्युमिनियमच्या लांब पेटीतून हातानं दांडा फिरवून किंवा मोटरनं बाहेर येणारा. इटलीची फियाम्मा, स्वीडनच्या थुली आणि डोमेटिक या कंपन्यांची नावं या धंद्यात जगभर चालतात. पेटीतलं ऑनिंग दिसायला रुबाबदार, उघडायला दोन मिनिटांचं. तीन मीटरच्या पेटीचं वजन वीस-पंचवीस किलो भरतं आणि किंमत त्या मानानं भरमसाट. टेम्पोच्या पातळ बॉडीला आणि आपल्या पावसाला मला खाचेच्या पट्टीचं साधं ऑनिंग जास्त पसंत आहे. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. कापड फाटलं तर कणकवलीच्या कुठल्याही ताडपत्री शिवणाऱ्याकडून नवं करून घेता येतं, आणि मुख्य म्हणजे ते पाच मिनिटांत संपूर्ण काढून गाडीच्या आत टाकता येतं.

परदेशी पेटी मागवणाऱ्यांसाठी एक इशारा, जो दुकानदार क्वचित देतो. अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून फिरत्या घराचं दार आणि ऑनिंग उजव्या अंगाला असतं. आपण डावीकडून चालतो. रस्त्याकडेला गाडी लावली की आपली सुरक्षित बाजू डावी. तेव्हा दांडा कुठल्या टोकाला आहे, मोटर कुठल्या बाजूला आहे, हे बघून ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात विकली जाणारी रचना मागवावी. नाहीतर फोंडा घाटाच्या वळणावर चहाला थांबलात तर पडवी थेट रहदारीत उघडेल.

कापडाकडं येऊ. ताडपत्री हा शब्द ऐकला की ताडाचं पान डोळ्यांपुढं येतं, आणि पानांच्या छपरांच्या मुलखात तो शोभतोही. इंग्रजी टारपॉलिनमध्ये मात्र डांबर आहे: डांबर चोपडलेलं आच्छादन, जहाजावरच्या मालावर घालायचं. दोन्ही शब्दांचा नाद इतका जवळचा, की आपल्या भाषेनं परका शब्द आपल्या झाडावर चढवला. आज बाजारात निळी-पिवळी मिळते ती एचडीपीई प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून केलेली, किंवा सिल्पोलिनसारखी थरांची. भाताच्या उडवीवर परतीच्या पावसात घालायला ती उत्तम. स्वस्त, हलकी, पाणी अजिबात न पिणारी. पण उन्हानं एक-दोन मोसमांत ती कडक होऊन तडकते, आणि वाऱ्यात तिचा फडफडाट असा की रात्री झोप लागत नाही. सुती कॅनव्हासची सावली सगळ्यांत थंड. पण तो पाणी पिऊन जड होतो आणि कोकणच्या दमट हवेत आठवडाभर मिटून ठेवला तर काळ्या ठिपक्यांची बुरशी हमखास धरते. सूतच रंगीत काढून विणलेलं अ‍ॅक्रिलिक कापड, 1961 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीनं सनब्रेला या नावानं आणलेलं, उन्हाला वर्षानुवर्षं दाद देत नाही. त्यातून हवा खेळते, म्हणून खाली गुदमरत नाही. मात्र जोरदार सरीत, विशेषतः खालून बोट टेकलं तर, ते ठिबकू शकतं. उरलं पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर: ट्रकवर घालतात त्या जातीचं. पाण्याला पक्कं, ओलं मिटलं तरी पुसून काढता येणारं. जून ते सप्टेंबर कोकणात फिरायचं असेल तर हेच, आणि रंग फिका. गडद कापड खाली उष्णता ओततं.

सावलीचंही एक शास्त्र आहे. फोंडाघाट साधारण सव्वासोळा-साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस ते. मेमध्ये ऑनिंगची सावली बरोबर ऑनिंगखाली पडते आणि आपलं 7.2 चौरस मीटरचं कापड जवळजवळ सात किलोवॅट उन्हाचा मारा झेलत असतं. डिसेंबरात मात्र भर दुपारी सूर्य दक्षिणेला झुकून जेमतेम 50 अंशांवर असतो. ऑनिंग दक्षिणेकडं उघडलं तर सावली पावणेदोन मीटरहून जास्त मागं सरकून गाडीच्या पोटाखाली जाते, आणि खुर्च्या उन्हात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हापुढं तर कुठलंच आडवं छप्पर टिकत नाही.

मग गाडी लावायची कशी? पाऊस येतो पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून, संध्याकाळचं ऊन पश्चिमेचं. गाडीचं तोंड दक्षिणेकडं केलं की डावी बाजू, म्हणजे ऑनिंगची बाजू, पूर्वेला येते. सगळी गाडी पाठ देऊन पाऊस आणि ऊन दोन्ही अडवते. दक्षिणमुखी घर नको म्हणणारे नाक मुरडतील. पण हे घर सकाळी तोंड फिरवू शकतं. एवढं मात्र पाळावं: माडाखाली मुक्काम नको. दीड किलोचा नारळ पंधरा मीटरवरून सुटला तर खाली येताना ताशी साठ किलोमीटरच्या वर वेग घेतो. त्याच्यापुढं कापड काय करणार.

बसवण्याचं काम. बंद बॉडीचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, कधी त्याहून पातळ. त्यात नुसते स्क्रू पिळले तर पहिल्याच वाऱ्याला ते कागदातून टाचणी निघावी तसे निघतात. भार घ्यायला हव्यात आतल्या पोलादी फासळ्या. बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्या शोधायची गंमत अशी: लोहचुंबक पत्र्यावरून फिरवत न्या, जिथं तो ओढ घेईल तिथं फासळी. पेन्सिलनं खूण करा. ऑनिंगचा स्क्रू फासळीतच, आणि जिथं फासळी नाही तिथं आरपार बोल्ट टाकून आतून हातभर लांबीची जाड पट्टी, म्हणजे जोर एका भोकावर न येता पसरतो. घोड्याच्या पाठीवर थेट न बसता खोगीर घालतात, तसंच हे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असल्या पट्ट्या मापानं कापून, भोकं पाडून मिळतात.

भोकं पाडताना पट्टीतली भोकं गोल नकोत, लांबट हवीत. तापलेल्या दुपारी आणि पहाटेत धातूच्या तापमानात 40 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात तीन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पावणेतीन मिलिमीटर वाढते, पोलादी चौकट मात्र दीडच. रोज सव्वा मिलिमीटरची ही ओढाताण. गोल भोकात तिचा राग बोल्टवर निघतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर नेमकी तिथूनच गळती लागते. एक टोक घट्ट धरायचं आणि बाकीच्या बोल्टांना सरकायला वाव ठेवायचा. पट्टीखाली चिकट ब्यूटाइलची टेप, वरच्या कडेला सीलंट. खालची कड मात्र मोकळी, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. चारी बाजूंनी बंद करणारा माणूस पाण्याला आत कोंडतो.

दर्यावरच्या हवेत आणखी एक गुप्त शत्रू काम करतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेसचा छोटा बोल्ट असला तर झीज हळू चालते. पण मोठ्या पोलादी पत्र्यात अ‍ॅल्युमिनियमचा छोटा रिव्हेट असला तर तो लवकर पिठासारखा होतो. म्हणून बोल्ट 316 जातीच्या स्टेनलेसचे आणि मधे नायलॉनचे वायसर. देवगड-मालवणला चार दिवस राहून आलेली गाडी गोड्या पाण्यानं धुवायची ती याचसाठी. आणि एक कागदी बाब: मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत मनासारखे फेरबदल करता येत नाहीत. मिटलेली पेटीसुद्धा गाडीची रुंदी वाढवते, तेव्हा पत्रा भोसकण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

पुढच्या काठ्यांसाठी परदेशी माणूस अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या नळ्या घेतो. सिंधुदुर्गात त्याहून सरस चीज बांधावर उगवते: माणगा. बहुतेक बांबू आतून पोकळ. माणगा बुंध्याकडं जवळजवळ भरीव, शिवाय काटे नाहीत आणि सरळ वाढतो. पश्चिम घाटाच्या या मधल्या पट्ट्याचाच हा बांबू, आणि कुडाळला कोनबॅक संस्थेत याच बांबूपासून घरं आणि फर्निचर होतात. दोन मीटरची माणग्याची काठी वाऱ्याला वाकते आणि परत सरळ होते. अ‍ॅल्युमिनियमची नळी एकदा वाकली की वाकली. खालच्या टोकाला रबराची टोपी घातली की झालं.

ताण द्यायला दोर आणि मेखा लागतात, आणि इथं कोकणची जमीन आपला स्वभाव दाखवते. फोंडाघाटच्या मळ्यात जुलैत मेख लोण्यात जाते आणि तशीच बाहेर येते. किनाऱ्यावरच्या पुळणीत मेखेचा उपयोग नाही. वाळू भरलेलं पोतं दोर बांधून हातभर खोल पुरावं. सड्यावरच्या जांभ्या कातळात तर मेख शिरतच नाही. तिथं पाण्याचे कॅन. वीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे वीस किलो. मघाच्या गणितात ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्याचा 44 किलो जोर होता. त्यातला निम्मा गाडी घेते, निम्मा पुढच्या कडेवर येतो. दोन कॅन पुरले. वारा दुप्पट झाला तर पुढच्या कडेलाच 88 किलो. तेव्हा कॅन वाढवत बसू नये, कापड उतरवावं.

उतरवावं, हीच तर या छपराची रीत. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ मुहूर्त बघून रोवतात, आणि लग्न पार पडलं की तो मांडव उतरवतात. मालवणी खळ्यात माटव घालणारा गडी सुंभाची गाठ अशी मारतो की एका हिसक्यात सुटावी. घाटातून माल नेणारा ट्रकवाला ताडपत्रीचा दोर आवळताना दोराचाच एक फास करून त्यातून दोर ओढतो. कप्पीसारखा जोर मिळतो, आणि शेपूट ओढली की सारं मोकळं. ही गाठ जगभर ट्रकवाल्यांच्याच नावानं ओळखली जाते. ऑनिंग घेणाऱ्यानं पेटीच्या माहितीपत्रकाआधी ती शिकून घ्यावी, अंधारात आणि ओल्या हातांनी सोडता येईपर्यंत.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाहेरून उत्तरेला गेलं; जमिनीवर आलं ते थेट गुजरातेत. तरी सिंधुदुर्गात घरांचे पत्रे आणि विजेचे खांब गेले. त्या दिवशी पक्क्या छपरांचाच भरवसा नव्हता. गुंडाळून आत ठेवलेलं कापड मात्र कुठल्याही वादळात शाबूत राहतं.

ओलं कापड मिटावं लागलं, आणि पावसाळ्यात ते लागतंच, तर दोन दिवसांच्या आत उलगडून वाळवायचं. श्रावणात सकाळी एखादी उघडीप मिळते. फोंडाघाटात अशा वेळी गडग्यांवर कांबळी, पोती आणि पोरांचे शाळेचे रेनकोट वाळत पडलेले दिसतात. त्यांच्याच शेजारी हे तीन मीटरचं कापड टाकावं, फडक्यानं शिवणी पुसाव्यात, आणि घाटमाथ्यावर ढग पुन्हा उतरायला लागले की आत घ्यावं.